चार बोटं खाली

माझी रेषा वाकडी आली असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. हे फुशारकीने सांगत नाही, फुशारकी मारायला आता तोंडही उरलेलं नाही. पण पुढचं समजायचं तर एवढं आधी कळायला हवं. चौतीस वर्षं भिंती रंगवतोय. दोरी न मारता पट्टी ओढतो, मग वर पाणसळ ठेवून बघा, बुडबुडा मधून हलत नाही. म्हणून तर पूररेषेचं काम मला मिळालं.

काम तसं साधं. दोन वर्षांपूर्वी नदी खालच्या वस्तीत शिरली तेव्हा पाण्यात वीज उतरली आणि सात माणसं गेली. बुडून एकही नाही, सगळी विजेने. त्यावर वरून हुकूम निघाला. मोजणीवाल्या मॅडम दुर्बीण लावून प्रत्येक घराच्या पुढच्या भिंतीवर पेन्सिलीने खूण करणार, की मोठं पाणी इथपर्यंत येईल. त्या खुणेवर मी निळी पट्टी ओढायची. घराचा मीटर पट्टीच्या वर असेल तर वीज राहील. खाली असेल तर एक तारखेला जोडणी कायमची तोडायची, आणि घरातल्यांनी टेकडीवरच्या नव्या इमारतींत खोली मिळेपर्यंत थांबायचं. किती थांबायचं? "दीड-दोन वर्षं," कचेरीतल्या खिडकीवरचा माणूस म्हणाला. जसं काही दीड-दोन मिनिटंच!

दोन वर्षं माणसं दिव्या-पंख्याशिवाय कशी राहतील, हे हुकूम काढणाऱ्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. मला काम मिळालं होतं ना.

त्या वस्तीत शेवटच्या गल्लीच्या टोकाला माझी ताई राहायची. आई लवकर गेली, मला वाढवलं ते तिनेच. लहानपणी मी भिंतीचा चुना खरवडून खायचो, म्हणून तिच्या तोंडी मी कायमचा चुन्या. माझ्या मुली लग्नाला आल्या तरी चुन्याच. "अगं, आता तरी नावाने हाक मार," म्हटलं तर म्हणायची, "बरं, चुनेराव."

भावोजींनी उभा जन्म सिमेंटच्या गोदामात काढला. नोकरी सुटली, पण छातीतलं सिमेंट काही सुटलं नाही. चोवीस तास नाकाला नळी आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन, विजेवर चालणारं, सारखं घुर्र घुर्र करणारं. भावोजी म्हणायचे, "ही माझी धाकटी. थोरलीपेक्षा कमी बोलते." ताई आतून ओरडायची, "हो, आणि कामाला हात लावत नाही, नुसती वीज खाते!" वीज गेलीच तर म्हणून एक छोटा सिलिंडर ठेवलेला होता. तो तीन तास पुरायचा.

आता सांगा, अशा घराची वीज तोडली तर काय करायचं?

तिचा मीटर जुन्या काळातला, दाराशेजारी कमरेइतक्या उंचीवर. वाचायला येणाऱ्याला वाकावं लागायचं. तो वर चढवून द्या म्हणून तिने अर्ज केला होता. कचेरीत म्हणाले, रेषा आखून होईपर्यंत त्या वस्तीतली सगळी कामं बंद.

आमची रेषा त्या गल्लीत पोचायच्या आदल्या रविवारी ताई माझ्याकडे आली. माझी माडीवर एकच खोली. तीत आम्ही नवराबायको, दोन मुली आणि कोपऱ्यात छताला टेकेल एवढी रंगाच्या डब्यांची उतरंड. मी म्हटलं, "ताई, तुम्ही दोघं इकडेच या राहायला." तिने खोलीभर नजर फिरवली. डब्यांकडे पाहिलं, मुलींच्या गुंडाळलेल्या अंथरुणांकडे पाहिलं. "इथे? आणि तुझे डबे काय डोक्यावर घेऊन बसशील?" म्हणाली आणि हसली. मी पुन्हा म्हटलं नाही. खरं सांगतो, ती नको म्हणाली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

निघताना जिन्यात थांबली.

"चुन्या, खूण मीटरच्या वर आली तर पट्टी जरा खाली ओढशील? थोडीशीच."

"काहीतरीच काय, ताई. खूण मॅडमची असते."

"मॅडम काय भिंतीला चिकटून बसणार आहेत? मी आजवर काही मागितलंय का रे तुझ्याकडे?"

नव्हतं मागितलं. कधीच नव्हतं. तिथेच मी संपलो.

खूण आली ती मीटरच्या पेटीच्या खालच्या कडेपासून दोन बोटं वर. दोन बोटं! तेवढ्यासाठी एका माणसाचा श्वास बंद होणार होता. मॅडम वयाने माझ्या थोरल्या मुलीएवढ्या, कामाला पक्क्या. पण माझ्यावर त्यांचा भारी विश्वास. "काका, तुमच्या रेषेवर मी परत दुर्बीण लावत नाही, वेळ फुकट जातो," असं म्हणून त्या स्टँड उचलून पुढच्या गल्लीत वळल्या. मी ओल्या फडक्याने खूण पुसली. चार बोटं खाली मोजली आणि पट्टी ओढली. आता मीटर पट्टीच्या दोन बोटं वर होता. ताई दारात उभी होती. आत गेली आणि चहा घेऊन आली, नेहमीपेक्षा गोड.

एक तारखेला त्या गल्लीतल्या अकरा घरांची वीज तोडली. ताईची राहिली. शेजारणी फोन चार्ज करायला तिच्याकडे यायला लागल्या. "तुमची जागा उंचावर दिसते हो," एक म्हणाली. ताई म्हणाली, "असेल बाई." हे मला तिनेच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

मी अगदीच गाढव नाही. खोट्या रेषेवर किती दिवस काढायचे? रेषा आखून झाल्यावर मी स्वतः कचेरीत गेलो, म्हटलं आता तो मीटर वर चढवा. कारकुनाने वही उघडली. "अहो, या घराचा मीटर रेषेच्या वर आहे. सुरक्षित आहे. सुरक्षित मीटर हलवायचं कारण काय लिहू मी?" माझीच रेषा माझ्या तोंडावर मारली त्याने. ती खोटी आहे म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी वीज गेली असती. मी बरं म्हटलं आणि मुकाट बाहेर आलो.

मग पाणी आलं. आमच्याकडे तर त्या दिवशी लख्ख ऊन होतं. वरच्या डोंगरात तीन दिवस कोसळत होतं, ते सगळं एकदम खाली आलं. सकाळी आठला भोंगा वाजला. वीज तोडलेली अकरा घरं अर्ध्या तासात रिकामी झाली. तसंही काळोख्या घरात थांबायला होतं काय? सगळे शाळेत गेले. शाळेत वीज नव्हती. ताईकडे दिवा चालू होता, पंखा चालू होता, मशीन चालू होतं. म्हणून ती थांबली. दवाखान्याची गाडी मागवली होती, तर गाडीच्या वाटेवरच पाणी. मग होडी येईल म्हणाले.

मी त्या दिवशी पुलापलीकडे कामाला होतो आणि पूल बंद झाला. दुपारी एकला फोन लागला.

"भावोजींना टेबलावर बसवलंय, राजासारखे," ती म्हणाली. "पाणी गुडघ्याच्या वर आहे. होडीवाल्यांना निरोप गेलाय. तुझ्या रेषेवर माझी नजर आहे, ती बुडली की हाका मारायला लागते."

"ताई, ती रेषा खोटी आहे गं!"

"माहितीये रे. म्हणून तर रेषेलाच निघायचं. पुढे अजून दोन बोटं राहतात."

"मेन स्विच बंद कर. आत्ताच्या आत्ता बंद कर."

"आणि ह्यांचं काय? सिलिंडर तीन तासांचा, होडी कधी येतेय कुणास ठाऊक. तू नको काळजी करूस. जेवलास का?"

नाही जेवलो म्हटलं. "मग आधी जेव," म्हणाली आणि फोन ठेवला. मी रागावलो होतो तिच्यावर. तिच्याशी माझं शेवटचं बोलणं ते, आणि मी रागात होतो.

पुढचं होडीवाल्याने सांगितलं. ताई दारात कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. एका हाताने दाराची लोखंडी जाळी धरलेली, दुसरा हात वर करून बोलावत होती. होडी वीस हातांवर होती. मग तिचा वरचा हात खाली आला, पण जाळीवरचा हात सुटला नाही. होडीवाल्याला काय झालं ते कळलं, मागच्या पुरात त्याने ते पाहिलं होतं. वायरमनने खांबावरून वीज तोडेपर्यंत कुणाला जवळ जाता आलं नाही.

मीटर जळताच आत मशीन बंद पडलं होतं. भावोजींनी टेबलावरूनच हात लांबवून सिलिंडर उघडला आणि ते हाका मारत राहिले. "अगं, वीज गेली बघ. अगं, ऐकतेस का?" टेबलावरून त्यांना दार दिसत नव्हतं. अर्धा तास ते तिला हाका मारत होते, आणि ती चार पावलांवर होती.

भावोजींना मी माझ्याकडे आणलं. बायकोने मला विचारलंही नाही. तिने आणि मुलींनी डबे उचलून जिन्याखाली नेऊन रचले, कोपरा पुसला, खाट टाकली, मशीन लावलं. दहा मिनिटं लागली. मी दारात उभा राहून बघत होतो.

तीन आठवड्यांनी मॅडमनी बोलावलं. पूर ओसरल्यावर भिंतींवर चिखलाची ओळ राहिली होती. गल्लीतल्या अकराच्या अकरा घरांवर ती माझ्या निळ्या पट्टीवरच बसलेली, जणू मीच ओढली. ताईच्या घरावर पट्टीच्या वर चार बोटं. मॅडम त्या भिंतीसमोर उभ्या होत्या.

"काका, माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "इथे माझं मोजमाप चुकलं. माझ्यामुळे त्या बाई गेल्या. मी तसं लेखी देणार आहे."

गप्प बसलो असतो तर कुणाला कधी कळलं नसतं. तसा विचारही मनात आला, खोटं कशाला बोलू. पण पोरगी रडत होती.

"तुमची खूण बरोबर होती, मॅडम. मी पुसली. ती माझी बहीण."

त्यांनी डोळे पुसले. "मला सांगायचं होतंत," म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी वही उघडली. वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली. "पट्टी वर घ्या," म्हणाल्या. जळलेला मीटर आधीच काढून नेला होता, भिंतीवर नुसते चार खिळे राहिले होते. मी त्या रिकाम्या घरावर चिखलाच्या ओळीतून नवी पट्टी ओढली. सरळ आली. या हातांना तेवढंच येतं.

घरी आलो तर भावोजी जागेच होते.

"काढलीस रेषा?"

"काढली."

"कुठे?"

"जिथे आधीच काढायला हवी होती तिथे."

दोन शब्द बोलायचे तरी मधे थांबावं लागतं त्यांना. "मला माहीत होतं सगळं," म्हणाले. "मी म्हटलं होतं तिला, चुन्याला यात ओढू नको, आपण त्याच्याकडेच जाऊ. तर म्हणाली, त्याच्याकडे जागा कुठाय."

मग त्यांनी मान वळवून खाटेकडे, मशीनकडे, पुसलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता त्यांच्या मनात, त्यांना तो मारताच येत नाही. "पण बसलं की सगळं," ते म्हणाले. "तिने नीट पाहिलं नसेल."

"पाहिलं होतं, भावोजी," मी म्हटलं. "जागा होती. मीच पुन्हा म्हटलं नाही."