वाकडी तार

"ह्या दुर्बिणीतली तारही वाकडीच आहे," विल्मर म्हणाला आणि बंदुकीवरून गाल उचलून त्याने उजवा डोळा चोळला. "ही तिसरी दुर्बीण, गस. सरळ तार ओढणारा माणूस जगात उरलाच नाही की काय?"

गस टोमिच गावातला बंदुका घडवणारा कारागीर. बंदूक त्याने बनवलेली होती आणि आज तिच्यावर बसवलेली दुर्बीण त्याच्या स्वतःच्या जुन्या बंदुकीवरची होती. गेल्याच हंगामात त्याने तिच्यातून नेम धरून हरीण पाडले होते. तेव्हा तिच्यातली नेम धरायची तारांची फुली चर्चवरच्या क्रुसाइतकी सरळ होती.

गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत दोघे बसले होते. मोंटानातल्या आमच्या ह्या पठारावर वारा पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा राहतो. त्या दिवशी मात्र तोही पडला होता, म्हणजे वाऱ्याच्या माथी खापर फोडायची सोय नव्हती. शंभर यार्डांवरच्या कागदात विल्मरच्या पाच गोळ्यांनी पाच दिशांना भोके पाडली होती.

विल्मर ओस्टबीने उभा जन्म रेल्वेच्या फाट्यावरच्या धान्याच्या कोठारावर काढला. शेतकऱ्यांचे ट्रक वजनकाट्यावर घ्यायचे, गहू उतरवून घ्यायचा आणि संध्याकाळी नाकातोंडात भुसा घेऊन घरी यायचे. स्वतःसाठी त्याने कधी काही नवे घेतले नाही. गाडी जुनी, कोट थोरल्या भावाचा, बंदूक सासऱ्याची. निवृत्त झाल्यावर एकदाच त्याने मन घट्ट केले आणि गसला सांगितले, माझ्या मापाची एक बंदूक करून दे.

गसने दोन हिवाळे घेतले. दस्त्याचे अक्रोडाचे लाकूड तो थोडे तासायचा आणि विल्मरला बोलावून म्हणायचा, "डोळे मीट, गाल टेक, आता उघड." डोळा उघडताक्षणी दुर्बिणीचे पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे, मान इकडेतिकडे करावी लागता कामा नये, हा त्याचा दंडक. दिसले नाही की पुन्हा तासणे. अखेर एका दिवशी विल्मरने डोळा उघडला आणि हसला, तेव्हा गसने पटाशी खाली ठेवली.

बंदूक एप्रिलमध्ये घरी आली. "आली माझी सवत," असे म्हणून विल्मरची बायको डोरीन हिने तिला जेवणाच्या टेबलावर जागा करून दिली. विल्मर तळघरात बसून काडतुसे भरू लागला. आमच्याकडे चांगल्या बंदुकीला दुकानातले काडतूस घालणे म्हणजे पाहुण्याला शिळे वाढणे. बंदुकीच्या प्रत्येक नळीचा स्वभाव निराळा. पितळी पुंगळीत दारू एखाद्या कणाने कमी-जास्त करायची, गोळी किंचित आत-बाहेर बसवायची, झाडून बघायचे, पुन्हा भरायचे. नळीला मानवणारे काडतूस सापडले की पाच गोळ्या एकाच भोकातून जातात. डोरीन वरून ओरडायची, की माझ्या केकमध्ये तू कधी इतकी मापून साखर घातली असतीस तर मी सुखाने मेले असते.

सुरुवातीला भोके जवळजवळ पडली. जूनमध्ये तर त्याचे नशीबच फळफळले. नदीकाठच्या दऱ्यांतला मोठा एल्क, म्हणजे सांबरासारखे थोराड हरीण, मारायचा परवाना सोडतीत निघतो. त्यासाठी विल्मर तरुणपणापासून दरवर्षी अर्ज करत होता. त्या वर्षी त्याचे नाव निघाले. डोरीनने केक केला, गसने बाटली आणली. आता फक्त काडतूस जमायचे बाकी होते.

आणि नेमके तेच जमेना. भोके पांगू लागली. विल्मरने दारू बदलली, गोळी बदलली, नळी घासून घासून आरशासारखी केली. मग त्याच्या लक्षात आले की दुर्बिणीतली उभी तार मध्येच जराशी वाकली आहे. चोर सापडला म्हणून तो खूष झाला. त्याने दुर्बीण कंपनीकडे पाठवली. काही दोष नाही, असे म्हणून त्यांनी ती परत केली. विल्मरने त्यांना शिव्या घालून दुसरी विकत घेतली. तिचीही तार वाकली. उन्हाळा असा गेला.

आता ऑगस्ट संपत आला होता. गसने त्याला बाजूला सारले, स्वतः बंदुकीमागे बसला आणि बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिला. मग उठला. त्याचा चेहरा उतरला होता.

"विल," तो म्हणाला, "दुसऱ्या डोळ्यानं बघ."

"डाव्यानं? डाव्यानं कोण नेम धरतं?"

"नेम नको धरूस. नुसतं बघ."

विल्मरने मान अवघडून डावा डोळा दुर्बिणीला लावला. खाणीत दूर कुठेतरी एक खडा घरंगळला. विल्मरने उजवा डोळा लावून पाहिला, पुन्हा डावा लावला. मग त्याने बंदुकीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"सरळ आहे," तो म्हणाला.

विजेचे खांब वाकडे दिसले असते तर विल्मर गुमान डॉक्टरकडे गेला असता. पण एरवी तो दोन्ही डोळ्यांनी बघायचा आणि डावा डोळा उजव्याची चूक सावरून घ्यायचा. उजवा एकटा पडायचा तो फक्त बंदुकीमागे. तिथे काही वाकडे दिसले की दोष काचेचा, तारेचा, दारूचा. आमच्या लोकांना आपल्या हत्यारातली खोट मैलावरून दिसते, स्वतःतली दिसत नाही.

बिलिंग्ज शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि मनाने चांगल्या होत्या. डोळ्याच्या पडद्यामागे रक्त झिरपून मधोमध वण पडला होता. वेळेत आलात तर सुईने औषध देऊन ते थांबवता येते, पण वण बसला की बसला, असे त्यांनी समजावून सांगितले. डाव्या डोळ्यावरही लक्ष ठेवावे लागणार होते, त्याचाही भरवसा नव्हता. मग त्यांनी विचारले, "सरळ रेघ वाकडी दिसली असं पहिल्यांदा कधी झालं?"

"जुलैच्या मध्यावर."

"मग तेव्हा काय केलंत?"

विल्मरने टोपी हातात फिरवली. "दुर्बीण तपासायला पाठवली," तो म्हणाला.

बाईंना काही कळले नाही. त्यांनी डोरीनकडे पाहिले. डोरीन भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होती आणि तिला त्यातले एकही अक्षर दिसत नव्हते. परतीच्या वाटेवर गाडी तिने चालवली. गव्हाची कापलेली शेते दोन्ही बाजूंनी मागे जात राहिली.

गसने डावखुरी बंदूक करून द्यायची तयारी दाखवली. विल्मर म्हणाला, "दोन हिवाळे घेतोस तू. तोवर दुसरा टिकतो की नाही, कोणाला माहीत?" परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. तो फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली होता, तिथेच राहिला.

ऑक्टोबरमध्ये हंगाम उघडला. पहाटेपासून ट्रक नदीकडे निघाले, गावात बायका आणि कुत्री तेवढी उरली. त्या दिवशी सकाळी विल्मरने गसला फोन करून खाणीत बोलावले. सोबत त्याने उन्हाळ्यात नापास करून फळीवर टाकून दिलेली काडतुसे आणली होती. डोरीनही आली, थर्मास घेऊन.

"ही तू झाड," विल्मर म्हणाला. "मला बघायचंय, दोष कोणाचा होता."

गसने पाच गोळ्या झाडल्या. सावकाश, प्रत्येकीनंतर श्वास सोडून. डोरीन चालत जाऊन कागद घेऊन आली आणि तिने तो विल्मरच्या हातात दिला. कागदात एकच भोक होते. कडा जरा फाटलेली, एवढेच. विल्मरने त्यात करंगळीचे टोक घातले.

"ही काडतुसं कधीची?" गसने विचारले.

"जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. दारू ह्यांच्यानंतर बदलली मी." त्याने करंगळी बाहेर काढली. "म्हणजे काडतूस सापडलं होतं रे. तेव्हाच सापडलं होतं."

गसला रडू आले आणि त्याने ते लपवले नाही. डोरीन वाकून खडीतल्या पुंगळ्या वेचू लागली. एकही पुंगळी जमिनीवर सोडायची नाही, ही विल्मरचीच शिस्त होती. पुंगळ्या अजून कोमट होत्या.

विल्मर बंदुकीमागे बसला. "भरलेली नाही ना?" असे विचारून त्याने स्वतः हात घालून खात्री केली. मग त्याने दोन्ही डोळे मिटले, गाल अक्रोडावर टेकला आणि डाव्या डोळ्यावर हात ठेवून उजवा उघडला. डोळा अगदी जिथे यायला हवा तिथे आला होता, केसभरही इकडेतिकडे नाही.

"काम झकास केलंयस, गस," तो म्हणाला आणि तसाच बसून राहिला.