दोन पाकळ्यांची झडप

डोंबिवलीच्या महिपतरावांना आजारी माणसांचा मनापासून राग यायचा. आजार म्हणजे आळसाची शिक्षा, असं त्यांचं ठाम मत. स्वतः वयाची साठी ओलांडूनही सूर्यनमस्कार घालायचे, पालकाचा रस प्यायचे आणि लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांच्या ताटातली जिलबी मोजायचे. वडील मोहने गावात कारखान्याच्या गेटवर छातीत कळ येऊन अचानक गेले, तेव्हा महिपतराव कॉलेजात होते. "बिडीनं खाल्लं त्यांना," हे ते पुढे आयुष्यभर सांगत आले.

त्यांच्या उपदेशाचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे धाकटा भाऊ त्र्यंबक. ठाण्यातल्या कोपरीत राहणारा, गोल पोटाचा, तळलेल्या पदार्थांचा भक्त. जिना चढताना त्याला धाप लागलेली दिसली आणि महिपतरावांनी त्याला धरून ठाण्यातच हृदयाच्या सोनोग्राफीला नेलं.

टेबल बघूनच त्र्यंबकला घाम फुटला. "दादा, आधी तू कर ना. मग मी."

"बघ, कसं असतं निरोगी हृदय," म्हणत महिपतरावांनी शर्ट काढला.

तपासणारी मुलगी आधी गप्पा मारत होती. मग तिनं तीच जागा पुन्हा पुन्हा पाहिली. मग उठून डॉक्टरांना घेऊन आली.

हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीचं मूळ फुग्यासारखं फुगलं होतं. तिथल्या झडपेला तीन पाकळ्या असायला हव्यात, यांना दोनच होत्या. धमनी फाटायच्या आत मूळ आणि झडप, दोन्ही बदलायला हवं होतं.

"पण माझं चुकलं काय?" महिपतरावांनी विचारलं.

"काहीच नाही. हे जन्मतःच असतं. घरात कुणी असं अचानक गेलंय का?"

महिपतरावांनी वडिलांचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांचंही हेच असू शकेल. आता कळायला मार्ग नाही."

महिपतराव शर्टाची बटणं लावत राहिले. एक बटण चुकीच्या काजात गेलं, ते त्र्यंबकनं नीट केलं. त्याची स्वतःची तपासणी अगदी स्वच्छ निघाली. धाप लागते ती निव्वळ वजनानं. आनंद झाला तरी तो दाखवायची त्याला चोरी झाली.

ऑपरेशनच्या दिवशी रक्त देणारे त्र्यंबकनं जमवले. सगळे त्याचे नाक्यावरचे दोस्त. त्यांना महिपतराव कधी नमस्कारही करत नसत. आत छाती उघडली होती, हृदय थांबवलं होतं, रक्त यंत्रातून फिरत होतं. बाहेर कलावतीवहिनी खुर्चीच्या कडेवर बसून होत्या.

"वहिनी, दोन घास खाऊन घ्या."

"अहो भाऊजी, बाहेरचं खाल्लेलं तुमच्या दादांना कळलं तर?"

"कळू दे. ओरडायला तरी उठेल."

तेव्हा कुठे कलावतीबाई रडल्या, आणि रडता रडता अर्धी इडली खाल्ली.

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. फुगलेला भाग कापून कृत्रिम नळी बसवली होती, तिच्यातच धातूची झडप. हृदय पुन्हा आपणहून चालू झालं होतं.

घरी सोडताना रक्त पातळ ठेवण्याची गोळी आली, कायमची. डॉक्टरांनी आहार विचारला आणि पालकाच्या रसावर काट मारली. "रोज पेलाभर नको. गोळीचा परिणाम जातो."

"आणि तेलकट?" महिपतरावांनी विचारलं.

"कधीमधी थोडं चालेल."

त्र्यंबक खिडकीबाहेर बघू लागला. हसू दाबताना त्याचे खांदे हलत होते.

नवी झडप टिकटिकायची. पुढे दोनेक महिन्यांनी, सकाळी फिरणाऱ्या मंडळातले श्रीपाद गोखले गेले. शोकसभेत सगळे डोळे मिटून उभे राहिले आणि त्या शांततेत टिकटिक स्पष्ट ऐकू येऊ लागली. एकानं भिंतीकडे पाहिलं. दुसऱ्यानं मनगट कानाला लावलं.

"कुणाचं घड्याळ आहे हो?" कुणीतरी कुजबुजलं.

महिपतरावांनी तोंड उघडलं, तर उघड्या तोंडातून टिकटिक आणखीनच मोठी ऐकू आली. त्यांनी तोंड मिटलं. सोबतीला आलेल्या, शेजारी उभ्या त्र्यंबकनं आपला हात हळूच वर केला.

"माझं आहे," तो म्हणाला. "सॉरी."