मास्तरांची लाल दोरी

“दोरी न्या, पण चिमटे ठेवून जा,” वहिनी म्हणाल्या. “आणि परत कधी मिळणार? ओल्या चादरी काय तुमच्या डोक्यावर वाळत घालू?”

मास्तर स्टुलावर चढून अंगणातली कपड्यांची लाल दोरी सोडत होते. मी खाली स्टूल धरून उभा होतो. तंत्रशाळेचा स्टोअरकीपर या नात्याने दोरी पुरवणं खरं तर माझं काम. पण स्टोअरमध्ये होती ती पांढरी, आणि लाल दोरीची मागणी वर पाठवली असती तर ती मंजूर होईपर्यंत मास्तर निवृत्त झाले असते. निवृत्तीला एकवीस दिवस उरले होते.

“आठ दिवसांत आणून देतो,” मास्तर म्हणाले.

“तुमच्या आठ दिवसांत आपली पोरगी शाळेतही गेली आणि सासरीही गेली,” वहिनी म्हणाल्या आणि चिमटे गोळा करू लागल्या.

प्रकरण असं होतं. गावाबाहेरच्या माळावर एक परदेशी कंपनी मोटारींचा कारखाना काढणार होती. इथली माणसं त्या कामाला तयार आहेत का, असा प्रश्न त्यांना पडला होता. पुढाऱ्यांनी ‘आहेत’ असं कळवलं होतं, वर्तमानपत्रांनी ‘नाहीत’ असं छापलं होतं. माणसांना अजून कोणी विचारलं नव्हतं. म्हणून कंपनीचे लोक आमची तंत्रशाळा बघायला येणार होते. त्याआधी त्यांनी एक पानभर सूचना पाठवल्या. त्यांच्या कारखान्यात म्हणे प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक लाल दोरी असते. काही चुकलेलं दिसलं की दोरी ओढायची, घंटा वाजते, सगळं काम थांबतं. ओढणाऱ्याला कोणी रागवायचं नाही. आणि धावत येणाऱ्याने ‘कोणी केलं?’ असं विचारायचं नाही, ‘काय झालं?’ असं विचारायचं.

प्राचार्यांनी ते पान दोनदा वाचलं. “सारखं थांबतात,” ते म्हणाले, “मग हे लोक गाड्या बनवतात कधी?”

त्यांचं चुकत नव्हतं. आमच्याकडे चूक दिसली की आधी झाकायची, मग जमली तर दुरुस्त करायची आणि मग विसरायची, असा क्रम आहे. याला आम्ही सांभाळून घेणं म्हणतो, आणि चांगल्या कामगाराची ती पहिली खूण मानतो. आमच्या शाळेतलं एक लेथ मशिन अकरा वर्षं शिलाई मशिनच्या पट्ट्यावर चाललं आहे. ही गोष्ट तोवर कधी शाळेबाहेर गेली नव्हती.

अशा मंडळींना दोरी ओढायला शिकवायचं काम मास्तरांकडे आलं. वर्कशॉपमध्ये मधोमध आमची अर्धी कापलेली मोटार होती. आतलं सगळं दिसावं म्हणून तिला उभी चिरलेली. दार एकच, तेही डावीकडचं. तिच्यावर मास्तरांनी लाल दोरी ताणली, टोकाला एक लहानशी पितळी घंटा बांधली आणि तीस मुलामुलींना कामाला लावलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मुद्दाम चुकीच्या आट्यांचा एक बोल्ट खोक्यात टाकून ठेवला. ज्याच्या हाती तो आला त्याने तो हातोडीने ठोकून बसवला.

“बसला, सर!” तो अभिमानाने म्हणाला.

“तो बसला, पण आपल्याला उठवणार,” मास्तर म्हणाले. “अरे, दोरी कशाला आहे?”

“उगाच कशाला सगळ्यांना त्रास, सर?”

पाचव्या दिवशी पहिल्यांदा घंटा वाजली. टाचणीने ओढली होती. टाचणी म्हणजे वर्गातली सगळ्यात बारीक आणि सगळ्यात टोकदार मुलगी. मास्तर धावत गेले.

“काय झालं?”

“काही नाही, सर. शिव्या पडतात का ते बघितलं.”

“पडल्या का?”

“नाही अजून.”

“मग आता खरं काही दिसलं की ओढ.”

ती ओढू लागली. मग इतरही ओढू लागले. दुसऱ्या आठवड्यात तर काम पुढे सरकेना, इतक्या चुका निघाल्या. मास्तर खुशीत होते. मला म्हणाले, “बघितलंस? चोवीस वर्षं मी शिकवतोय, या चुका होत्या कुठं?”

मास्तरांना यात आणखी एक लोभ होता. कंपनी आमच्या शाळेतून एक शिकवणारा घेणार होती. वयाची अट नव्हती. एका संध्याकाळी वर्कशॉपचं कुलूप लावताना ते म्हणाले, “स्टोअरवाले, मी आयुष्यात दोनशे वेळा ही अर्धी गाडी खोलली आणि जोडली. अख्खी नवी गाडी लाइनवरून उतरताना एकदाही बघितली नाही. पहिल्यांदा चालू होते तेव्हा ती थरथरते का, थांबते का, काय करते कोण जाणे. एकदा बघायचंय.” साठीच्या माणसाने इतक्या लाजत काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

अडचण एकच होती. मास्तरांना बारीक आवाज ऐकू येत नसत. शाळेत येण्याआधी ते बारा वर्षं पत्रे दाबण्याच्या कारखान्यात होते. तिथल्या गोंगाटाने सुरुवात केली, आणि वयाने चार वर्षांपूर्वी ते आवाज पुरते नेले. बोलणं त्यांना ऐकू येई, ट्रक ऐकू येई. पण घड्याळाचा गजर, पक्षी, पितळी घंटी, काही नाही. घंटी वाजली हे ते दोरी हलताना बघून ओळखत. आणि टॉर्क पाना त्यांना ऐकू येत नसे. हा पाना ठरावीक जोरापर्यंत नट आवळला की ‘टक्’ असा आवाज करतो. ‘टक्’ झालं म्हणजे चाक पक्कं, नाही झालं तर ते चाक रस्त्यावर गाडीच्या पुढे निघून जाऊ शकतं. स्वतःच्या हातात पाना असला तर मास्तरांना झटक्यावरून कळे. पण शिकवणाऱ्याने लांब उभं राहून चौघांचं ‘टक्’ ऐकायचं असतं.

म्हणून गेली चार वर्षं मुलं ‘टक्’ झालं की मान हलवत. अगदी थोडी, नटाकडे बघत. मास्तर ती मान बघून “ठीक!” म्हणत. एक तुकडी जाताना दुसरीला सांगून जाई. मास्तर दाखवत, की आपल्याला सगळं ऐकू येतं. पोरांना वाटे, आपल्याला माहीत आहे हे मास्तरांना माहीत नाही. मला दोन्हीकडचं माहीत होतं. पण मी स्टोअरकीपर. मागणी आल्याशिवाय काही बाहेर काढत नाही.

पाहुणे आले. दोन पुरुष आणि एक दुभाषी बाई. त्यांतला एक इतका उंच होता की आमच्या दोरीखालून त्याला वाकून जावं लागे. मुलांनी पाच मिनिटांत त्याचं नाव लांबसाहेब ठेवलं. लांबसाहेब फारसा बोलत नव्हता. हात मागे बांधून फिरला, शिलाई मशिनच्या पट्ट्याशी जरा जास्तच वेळ थांबला. प्राचार्य त्या वेळी छताकडे बघत होते.

मग काम सुरू झालं. मास्तर सहा पावलांवर उभे राहिले. मुलं एकेक करून गाडीला भिडली. दोनदा घंटा वाजली, दोनदा मास्तरांनी “काय झालं?” विचारलं, दोनदा चूक सुधारली. प्राचार्यांचा चेहरा खुलत चालला. शेवटी चाक बसवायला टाचणी आली. तिने पाना उचलला. तो तिचा नेहमीचा नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही. लांबसाहेबाने आपल्या बॅगेतला हुबेहूब तसाच पाना तिथे ठेवून दिला होता, आणि त्याचं ‘टक्’ काढून टाकलेलं होतं.

तिने पहिला नट आवळला. आवाज नाही. पुन्हा जोर दिला. आवाज नाही. तिचा हात दोरीकडे जायला वर उठला आणि अर्ध्यावर थांबला. मी तिच्या समोरच होतो, तिच्या मनात काय चाललंय ते मला छापल्यासारखं दिसलं. दोरी ओढली तर मास्तर येणार, पाहुणे मास्तरांना विचारणार की ‘टक्’ होतंय का, आणि मास्तरांना सांगता येणार नाही. तिने हात खाली घेतला. अंदाजाने पाचही नट आवळले आणि मान हलवली.

“ठीक!” मास्तर म्हणाले.

लांबसाहेब काहीतरी बोलला. दुभाषी बाई म्हणाल्या, “ते विचारतात, तुम्ही आवाज ऐकलात का?”

मास्तरांनी सवयीने वर्गाकडे पाहिलं. आणि तिथे आमच्या सांभाळून घेण्याच्या परंपरेची फार मोठी पंचाईत झाली. अर्ध्या वर्गाला वाटलं, टाचणीची बाजू घ्यावी. त्यांनी होकारार्थी माना हलवल्या. अर्ध्या वर्गाला वाटलं, मास्तरांना खरं कळवावं. त्यांनी नकारार्थी हलवल्या. तीस माना दोन दिशांनी हलत होत्या. प्राचार्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी दोन्ही प्रकारे हलवली.

मास्तरांनी टाचणीकडे पाहिलं. तिने पुन्हा होकार दिला, पण डोळे भरले होते. आवाज झालाच नव्हता, त्यामुळे नुसतं ‘नाही’ म्हणाले असते तरी मास्तर सुटले असते. पन्नास टक्के संधी होती; आमच्याकडे एवढ्यावर निवडणुका लढवतात.

ते सहा पावलं चालत आले आणि त्यांनी हात वर करून लाल दोरी ओढली.

घंटा वाजली. त्यांना ती ऐकू आली नसावी, कारण दोरी हलत राहीपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले. कोणी धावून आलं नाही. मास्तरांनी दोरी ओढली तर धावायचं कोणी, हे शिकवायचं राहून गेलं होतं.

मग टाचणी म्हणाली, “काय झालं, सर?”

“मला टक् ऐकू येत नाही,” मास्तर म्हणाले. “चार वर्षं झाली. पोरं मानेने सांगतात. मला ठाऊक होतं त्यांना ठाऊक आहे. त्यांचं काही चुकलेलं नाही. माझं चुकलं, मी आधी ओढायला हवी होती.”

दुभाषी बाईंनी ते सांगितलं. लांबसाहेबाने वहीत काही लिहिलं नाही.

टाचणीने दोरी ओढली. “पाना मेलेला आहे,” ती म्हणाली. “एकदाही वाजला नाही. मी अंदाजाने आवळलं. हे चाक निघेल.”

मग तो हातोडीवाला पुढे आला. त्याने ओढली. “सर, मघाशी एक वायसर खाली पडला, मी पायाखाली धरलाय.” आणखी एकाने ओढली. “मला मोजपट्टीवरचं बारीक दिसत नाही, मी शेजारच्याचं ऐकून सांगतो.” घंटा थांबेना. प्राचार्यांनीही दोरी ओढली आणि लेथच्या पट्ट्याबद्दल सांगून टाकलं, तेव्हा मलाही राहवलं नाही. मी ओढून म्हणालो, “ही दोरी स्टोअरची नाही. ही यांच्या घरची कपडे वाळत घालायची आहे, आणि आठ दिवसांत परत करायची होती.”

हे भाषांतर ऐकून लांबसाहेब पहिल्यांदा हसला. जाताना त्याने वहीत जे लिहिलं ते दुभाषी बाईंनी मला हळूच सांगितलं. एकच शब्द होता. तयार.

कारखाना आला. तीसपैकी सव्वीस मुलांना काम लागलं. उरलेल्या चौघांतल्या एकाला चष्मा लागला आणि तोही पुढच्या खेपेला गेला. मास्तरांचा अर्ज मात्र परत आला. कागदावर ‘श्रवणशक्ती’ असा एक चौकोन होता, तिथे त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात ‘अपुरी’ असं लिहिलं होतं. मी म्हटलं, “अहो मास्तर, मोकळा सोडला असता तरी चाललं असतं.” ते म्हणाले, “आता मोकळा कसा सोडू?”

दोरी परत अंगणात गेली. घंटा काढायची राहिली. वहिनींनी ओली चादर टाकली की ती वाजते. कारखान्याचा रस्ता त्यांच्या फाटकावरूनच जातो. त्यामुळे सकाळच्या पाळीला निघालेली मुलं सवयीने ब्रेक दाबतात आणि फाटकातून ओरडतात, “काय झालं?”

“कपडे!” वहिनी ओरडतात. “जा कामाला!” घंटा काढून टाका, असं मी त्यांना एकदा सुचवलं. त्या म्हणाल्या, “राहू दे. यांना कुठं ऐकू येते? आणि त्या निमित्ताने पोरं थांबतात.”

परवा मी तिथेच बसलो होतो. घंटा वाजली आणि टाचणी स्कूटर थांबवून आत आली. अंगावर कंपनीचा राखाडी गणवेश, खिशाला बिल्ला. काल तिने चाकं बसवलेली गाडी लाइनवरून उतरली, तेव्हा ती सुरू होताना आधी एकदा दचकते आणि मग शांत होते, असं तिने मास्तरांना नीट सांगितलं. मास्तरांनी तिला ते दोनदा सांगायला लावलं.

मग त्यांची नजर तिच्या स्कूटरच्या आरशावर गेली. आरसा लोंबत होता. ते आतून पाना घेऊन आले. साधा पाना, तो कोणाच्याच कानाला टक् करत नाही. त्यांनी नट आवळला आणि सवयीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

तिने मान हलवली नाही. तिने आरसा दोन बोटांनी धरून हलवून पाहिला.

“सैल आहे अजून, सर,” ती म्हणाली.

मास्तर खाली वाकले आणि त्यांनी पुन्हा पाना लावला.