मास्तरांच्या होडीच्या दोन बॅटऱ्या

लागोपाठ चौथ्या रविवारी होडीचं इंजिन सुरू झालं नाही, तेव्हा मास्तरांनी बॅटरीचं जॅकेट काढलं.

जॅकेट त्यांनी स्वतःच शिवलं होतं. आत कापूस, बाहेर रेनकोटचं कापड, वर दोन बटणं. चाळीस वर्षं टेलरिंग केलेल्या माणसाच्या घरात उघडी वस्तू सहसा सापडत नाही. मास्तरांच्या मिक्सरला झगा होता, टीव्हीला परकर होता. होडीतली बॅटरी तेवढी उघडी बसलेली पाहून त्यांना ती कुडकुडतेय असं वाटलं होतं.

धक्क्यावर बॅटऱ्या विकणारा आणि बसवणारा एकच माणूस. त्याला काहीही विचारा, तो आधी "किती अँपिअर?" असं उलट विचारायचा, म्हणून त्याचं नाव अँपिअर पडलं होतं. त्याची बायकोही त्याला त्याच नावाने हाक मारी. त्याने जॅकेट दोन बोटांत धरून उलटंसुलटं पाहिलं.

"मास्तर, बॅटरीला थंडी वाजत नाही. उकाड्याने मात्र मरते."

"म्हणजे माझ्या जॅकेटने मारली?"

"आजारी पाडली. मारलीय दुसऱ्याच कुणीतरी."

दुसरं कुणी ते शोधायला फार वेळ नव्हता. तीस तारखेला अठरा दिवस उरले होते, आणि तीस तारखेच्या आत मास्तरांना समोरच्या बेटावर पोचायचं होतं.

बेट अकरा मैलांवर. तिथल्या दवाखान्यात मास्तरांची बायको नर्स होती. अख्खा धक्का तिला सिस्टर म्हणायचा. तीन वर्षांपूर्वी तिने ही नेमणूक घेतली तेव्हा मास्तर रुसले, आणि रुसव्याच्या भरात म्हणाले, "मी काही लॉन्चने तुझ्यामागे येणार नाही. येईन तर स्वतःच्या होडीने." तेव्हा त्यांच्याकडे होडी नव्हती, हीच त्या वाक्यातली सोय होती. पुढे दुकान बंद केलं, घर रिकामं वाटायला लागलं, आणि त्यांनी खरंच होडी घेतली. आता सोयही राहिली नाही.

सिस्टर तीन महिन्यांनी चार दिवस घरी यायची. त्यातले दोन दिवस झोपायची, दोन दिवस घर आवरायची. बोलायचं म्हटलं तर पाचवा दिवस लागला असता. आणि आता कचेरीने तिला विचारलं होतं, आणखी दोन वर्षं राहता का? तीस तारखेपर्यंत कागदावर सही करायची होती. तिची घरची पुढची फेरी त्यानंतरची होती. मास्तरांना तिला फक्त एक वाक्य सांगायचं होतं: घरी चल. ते सहीच्या आधी सांगायचं होतं.

"रात्री होडीत काय चालू असतं?" अँपिअरने मीटरच्या तारा लावत विचारलं.

"काही नाही."

"मास्तर, डॉक्टरपुढे आणि माझ्यापुढे खोटं बोलू नये."

"रेडिओ असतो. सातला बोलतो आम्ही."

"ते माहीतच आहे. सगळा धक्का ऐकतो. बंद कधी करता?"

मास्तर पाण्याकडे बघायला लागले.

बेटावर मोबाइलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळे, आणि सिस्टरच्या गुडघ्यांना टाकी मंजूर नव्हती. त्यामुळे संध्याकाळी सातला मास्तर होडीत बसून वायरलेसवरून दवाखान्याशी बोलायचे. पण वायरलेसवर एकाने बोललेलं सगळ्यांनाच ऐकू जातं. "जेवलात का?" असं सिस्टरने विचारलं, तर मास्तरांच्या आधी कुठल्यातरी जाळेवाल्याच्या होडीतून उत्तर यायचं, "मास्तर आज खिचडीवर आहेत, सिस्टर." अशा चावडीवर माणूस बायकोला काय सांगणार? हवा, गुडघे, गोळ्या.

बोलणं संपलं की "संपलं" असं म्हणून सेट बंद करायचा, हा नियम. सिस्टरला तो शब्द अभद्र वाटायचा. तीस वर्षं रात्रपाळीला निघताना उंबऱ्यात ती "येते हं" म्हणत आली होती. रेडिओवरही ती तेवढंच म्हणायची, "बरं, येते." येते म्हणालेल्या माणसाच्या तोंडावर सेट कसा बंद करायचा? तिला मागाहून काही आठवलं तर? मास्तर सेट चालू ठेवून, दिवा लावून, त्या खरखरीशेजारी बसून राहायचे. मग घरी जाऊन झोपायचे. सेट मात्र सकाळपर्यंत वाट बघत राहायचा.

"म्हणजे वहिनींची वाट बघण्यात बॅटरी संपते," अँपिअर म्हणाला, "आणि मग वहिनींकडे जायला बॅटरी उरत नाही."

"असं तू म्हणतोस."

"मीटर म्हणतंय."

मग त्याने मास्तरांना उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसवून बॅटऱ्यांचं शास्त्र सांगितलं. "मास्तर, दोन जाती असतात. एक जावई, एक सून. इंजिन सुरू करणारी बॅटरी म्हणजे जावई. क्षणभर येणार, दणका देणार, मग दिवसभर लोळणार. दिवे, रेडिओ चालवणारी ती सून. थोडं थोडं, पण तासन् तास राबणार. तुम्ही एका जावयाला रात्रभर राबवलंत. जावई टिकेल का?"

"नाही टिकणार," मास्तर म्हणाले. त्यांना जावई नव्हता, पण तत्त्व पटलं.

"मग दोन घ्या. आणि महागातली ती नवी लिथियमची जात घेतलीत तर दहा वर्षं बघायला नको."

"दहा वर्षांचं कुणी सांगितलंय? मला तीस तारखेपर्यंत चालणारी दाखव."

"तसली बनवत नाहीत."

शेवटी पाणी घालायला न लागणाऱ्या, बंद तोंडाच्या साध्या दोन ठरल्या. जुनीही तिसरी म्हणून जोडून ठेवावी, असं मास्तरांचं म्हणणं पडलं. इतकी वर्षं काम केलेल्याला एकदम काढून टाकणं त्यांना बरं वाटेना. अँपिअरने ते साफ नाकारलं. म्हाताऱ्या बॅटरीच्या जोडीला नवी बांधली की म्हातारी तरुण होत नाही, नवीच म्हातारी होते, असं तो म्हणाला. मास्तरांनी ते आपल्याला उद्देशून आहे का, हे जरा तपासून पाहिलं.

बॅटऱ्या यायला तेरा दिवस लागले. बसवायला दोन. अँपिअरने त्या मधल्या बाकाखाली, हवा खेळेल अशा पेटीत ठेवल्या. तारा जाड आणि आखूड घेतल्या. प्रत्येक तारेच्या टोकाची पितळी पकड दाबून दाबून बसवली आणि बॅटरीजवळच फ्यूज घातला. इंजिन चालू असताना दोन्ही भरतील, पण रेडिओ जावयाच्या ताटाला हात लावू शकणार नाही, अशी जोडणी केली. लाटांत पेटी उडू नये म्हणून मास्तरांनी पट्टा शिवला, चौपदरी, दुहेरी टाक्याचा. अँपिअरने बाकाला पाय लावून तो सगळं वजन टाकून ओढला. पट्टा हलला नाही.

"हे मात्र माझ्याकडे मिळत नाही," तो म्हणाला.

त्या रात्री मुद्दाम रेडिओ चालू ठेवला. अठ्ठावीस तारखेला सकाळी मास्तरांनी चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. अँपिअर आनंदाने त्यांच्याकडे बघत होता. मास्तरांचा चेहरा मात्र परीक्षा रद्द झाली नाही हे कळलेल्या मुलासारखा झाला.

"आज वारा आहे," ते म्हणाले.

"वारा रोजच असतो."

"उद्या कमी असेल."

"मास्तर, माझ्या बॅटऱ्यांना नाव ठेवायला आता जागा नाही. दुसरं कारण शोधा, नाहीतर जा."

मास्तरांनी रात्रभर दुसरं कारण शोधलं. सापडलं नाही. एकोणतीसला सकाळी ते निघाले.

कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना माहीत होतं. वाटेत रेडिओवर एकेक होडी चौकशी करत होती. "मास्तर, बॅटरी कशी आहे?" "मास्तर, डावीकडे खडक आहेत, बायकोचा विचार जरा उजवीकडून करा." मास्तर उत्तर देत नव्हते. अडीच तास ते सुकाणू धरून दोन शब्दांची तालीम करत होते. घरी चल. कधी ते हुकूम वाटायचे, कधी विनवणी. मध्येच बेट धुक्यातून वर आलं आणि दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसलं, तेव्हा ते शब्द एकदम फार लहान वाटायला लागले.

सिस्टर बेटाच्या धक्क्यावर उभी होती, पांढऱ्या साडीत, होडीतून येणारा दोर झेलायला तयार. तिचे केस कानांजवळ आणखी पिकले होते. गेल्या फेरीला ती घर आवरत होती तेव्हा ते मास्तरांना दिसलेच नव्हते.

"बॅटऱ्या दोन बसवल्या," मास्तर म्हणाले.

"ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं."

दवाखान्याच्या खोलीत एक टेबल, तान्ह्या बाळांचा वजनकाटा, आणि फळीवर वायरलेस. त्याचा हिरवा दिवा चालू होता. सिस्टरने मास्तरांची नजर पाहिली, उठली, आणि सेट बंद केला. खोली इतकी शांत झाली की खिडकीची कडी वाऱ्याने वाजत असलेली ऐकू आली.

"घरी चल," मास्तर म्हणाले.

सिस्टर खुर्चीत बसली.

"हे तीन वर्षांपूर्वी म्हणाला असतात तर मी आलेच नसते इथे."

"तेव्हा मी रागावलो होतो."

"आणि नंतर?"

"नंतर सगळे ऐकत होते."

सिस्टर हसली. मग पदराने चष्मा पुसायला लागली आणि बराच वेळ पुसत राहिली. "इथल्या दोघींचे दिवस भरत आलेत," ती म्हणाली. "एकीचं पोर आडवं आहे. माझ्या जागी येणारी मुलगी अजून शिकतेय, तिला यायला वर्ष लागेल. मी कचेरीला सांगितलंय, दोन वर्षं नाही जमणार. एकच. हे रेडिओवर सांगायचं नव्हतं. तुम्ही काय म्हणता ते मला बघायचं होतं. ऐकायचं नव्हतं, बघायचं होतं."

"एक वर्ष," मास्तर म्हणाले. त्यांनी ते मापासारखं मनातल्या मनात दोनदा धरून पाहिलं. कमी होत नव्हतं.

"अहो, मीही मोजतेच आहे."

तिने खणातून कागद काढला. "दोन" खोडून वर "एक" लिहिलं होतं, दवाखान्याच्या शिक्क्यासकट. तिने पेनाचं टोपण काढलं. खिडकीतून वारा आला आणि कागदाचं टोक फडफडायला लागलं. एका हाताने तिला तो आवरेना.

मास्तर उठले, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेले, आणि कापड कापताना धरायचे तसे दोन्ही तळवे पसरून त्यांनी कागद दाबून धरला. तिची सही होईपर्यंत त्यांनी तो हलू दिला नाही.