पलीकडून पाहिलेली मेणबत्ती

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि माझी डावी बाजू कोणती, असे विचाराल तर मी आजही चटकन उत्तर देत नाही. का, ते ऐका मित्रांनो.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एक मोटर, तिला जोडलेला रबरी पट्टा, दोन फिरत्या चकत्या आणि आवाज टिपणारे चिमुकले डोके, एवढाच माझा संसार. काही वर्षे मी एका बँकेतल्या कारकुनाच्या घरी गाणी ऐकवली. मग तिथे माझ्यापेक्षा चकचकीत भाऊबंद आला आणि माझी रवानगी बंधुमंडळात झाली.

बंधुमंडळ म्हणजे सुताराच्या दुकानावरची एक खोली आणि तिथे जमणारी कॉलेजची मुले. रक्तदान असो की नाल्याची सफाई, ही मुले पुढे. कोणाचे शिक्षण अडले तर त्याला पाठच्या भावंडासारखे सांभाळायचे, असा शब्द मंडळात येताना प्रत्येकाने दिलेला असे. ज्या विद्यार्थ्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी ती पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचत आणि मी ती कॅसेटवर उतरवून घेई. खाली सुतारकाका जेवायला गेले आणि रंधा थांबला, की माझे लाल बटण दाबले जाई.

एकदा एक कॅसेट परत आली. आमच्या चष्मिशने वाचलेल्या विज्ञानाच्या धड्यानंतर तिच्यावर एका मुलीचा आवाज होता.

"दादा, 'शेजारच्या आकृतीत पाहा' म्हणालात. मी शेजारी हात फिरवला. तिथे आमचं मांजर होतं."

सगळी खोली हसली. चष्मिश हसला नाही.

ही मुलगी म्हणजे भिंगरी. तिचे वडील सायकली दुरुस्त करत. तिला विज्ञान शिकायचे होते, पण शाळेला ते जमेलसे वाटत नव्हते. शेवटी शाळेने एक अट घातली. प्रकाशाच्या धड्यावर तोंडी परीक्षा द्यायची आणि आकृती हाताने मांडून दाखवायची. जमले तर विज्ञान, नाहीतर दुसरा विषय.

तेव्हा मुलांनी एक युक्ती काढली. टेबलाच्या एका बाजूला चष्मिश पुस्तक घेऊन बसे आणि समोर मंडळातलाच लांब्या, डोळ्यांना रुमाल बांधून. चष्मिश आकृतीचे वर्णन करी आणि लांब्या नुसते ऐकून ती मांडी. मातीत उभा खोचलेला कंगवा म्हणजे भिंग, काडेपेटीतली काडी म्हणजे मेणबत्ती, दोरे म्हणजे किरण. काडीचा गुल वर, म्हणजे ज्योत वर. मांडणी पुस्तकासारखी दिसली, की ते वर्णन पक्के.

"भिंगाच्या डावीकडे मेणबत्ती," चष्मिश म्हणाला. लांब्याने काडी खोचली.

"उजवीकडे खोचलीस रे, शहाण्या!"

"तू सांगितलंस तिथेच खोचली. तुझं सांगणंच चुकतंय."

"बरं, उलट सांगून बघतो. भिंगाच्या उजवीकडे मेणबत्ती." लांब्याने काडी हलवली. "हां, आता कसं बरोबर दिसतंय!"

मग चष्मिशने धड्यात जिथे जिथे डावे होते तिथे उजवे केले आणि उजवे होते तिथे डावे. मी ते इमानेइतबारे टिपले आणि भिंगरीने ते पाठ करून कॅसेट परत पाठवली.

परीक्षेच्या सकाळी लांब्या पुस्तक उघडून सहज तीच कॅसेट ऐकत होता. "अरे, यात मेणबत्ती उजवीकडे आहे. पुस्तकात तर डावीकडे!"

चष्मिश उठला आणि लांब्याच्या जागेवर जाऊन बसला. "आपण समोरासमोर बसलो होतो. तुझं डावं ते माझं उजवं. लांब्या, पोरीला आपण आरशातलं पुस्तक शिकवलं!"

लांब्याने सायकल काढली आणि तो सुटला. धापा टाकत तसाच परत आला. परीक्षेचे दार बंद झाले होते. त्यानंतर कोणी माझ्या बटणांना हात लावला नाही.

दुपारी जिना वाजला. पुढे भिंगरीचे वडील, हाताला वंगण तसेच. मागे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून भिंगरी.

"मिळालं हो विज्ञान!" वडील दारातूनच ओरडले.

"कसं काय?" चष्मिशने विचारले.

"सर म्हणाले, पुस्तकात मेणबत्ती डावीकडे आहे," वडील सांगू लागले. "तर ही बया त्यांनाच म्हणते, टेबलाच्या पलीकडे जाऊन बघा. गेले की हो ते! म्हणाले, इथून सगळं पुस्तकासारखंच आहे, भिंगापलीकडची उलटी ज्योतसुद्धा."

"प्रकाश डावीकडून येवो नाहीतर उजवीकडून, भिंग त्याला सारखंच वाकवतं," भिंगरी म्हणाली. "पण दादा, पुस्तकात खरंच डावीकडे आहे?"

चष्मिशने खाली मान घालून सगळे सांगितले. भिंगरी पोट धरून हसली.

"म्हणजे आंधळी कोशिंबीर तुम्हीच खेळत होतात!"

पुढच्याच आठवड्यात ती मंडळात दाखल झाली. "मला रुमाल लागत नाही, तेवढाच वेळ वाचेल," म्हणत लांब्याची जागा तिने घेतली. तिचा पहिला हुकूम असा: "समोर नाही, माझ्या शेजारी बसा."

नंतर कॅसेटी गेल्या, माझा पट्टा चिकट होऊन तुटला आणि मी कपाटात धूळ खात पडलो. एका साफसफाईत नव्या मुलांनी मला भंगाराच्या पोत्यात टाकलेही. पण भिंगरी, आता विज्ञानाची शिक्षिका, पोते चाचपत होती. टवका उडालेले माझे लाल बटण तिच्या बोटाला लागले. "याला कुठे नेताय रे?" तिच्या वडिलांनी सायकलच्या ट्यूबमधून एक पट्टा कापून मला बसवला. मी फिरू लागलो. आवाज थोडा घोगरा, पण मांजराचा किस्सा अजून ऐकवतो.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची धूळ पुसत जा आणि माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवू नका. आणि समोरच्याचे चुकले असे वाटले, तर लगेच दुरुस्त करायला धावू नका. आमच्या खोलीत टेबल अजून आहे. खुर्च्या मात्र सगळ्या एकाच बाजूला.