कोरडा ट्रे

लेकीनं नवी मोटरसायकल बापाच्या गॅरेजात लावली. टाकीवर तेच जुनं विलायती नाव, तीच सोनेरी रेघ. म्हाताऱ्या मेकॅनिकनं सवयीनं खाली पत्र्याचा ट्रे सरकवला. त्या नावाची गाडी उभी राहिली आणि तेल गळलं नाही, असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

सकाळी ट्रे कोरडा ठणठणीत! त्यानं घाईनं लेकीला हाक मारली. "अगं, बिनतेलाची पळवलीस की काय?"

"भरलंय, बाबा. बघा तरी."

इंजिनाच्या बाजूला पातळी दाखवणाऱ्या काचेत तेल अगदी खुणेपर्यंत होतं. जिथून नेहमी गळायचं त्या इंजिनाच्या सांध्यावरून त्यानं बोट फिरवलं. बोट स्वच्छ. तो तिथंच उकिडवा बसला आणि डोक्यावरची टोपी हळूच काढली.

"जमवलं की गं कंपनीच्या लेकांनी! आणि मी चाळीस वर्षं गळणं हा गाडीचा स्वभावच म्हणून तिला नावं ठेवत होतो."