तेइजीच्या शर्टावरची नावपट्टी

मित्रांनो, एका आईच्या पत्राचं उत्तर त्रेपन्न वर्षं राहून गेलं. त्यात थोडा दोष माझाही असावा. मी एक जुनी, कडा जळालेली कापडी नावपट्टी आहे. नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण आता सांगायचंच.

युद्धाच्या दिवसांत हिरोशिमात प्रत्येक मुलाच्या छातीवर माझ्यासारखी पट्टी असे. नाव, शाळा, रक्तगट. तेइजीच्या शर्टावर मला त्याच्या आईने शिवलं. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून शहरातली घरं आधीच पाडत, आणि शाळेतली मुलं कौलं उचलत.

ऑगस्टच्या त्या सकाळी शेजारचा नोबुतो त्या कामाला बोलवायला आला. तेइजी पोट धरून पडला होता.

"पोट दुखतंय की कामाचा कंटाळा रे?" नोबुतो हसला. "तुझा शर्ट दे, माझा अजून ओलाच आहे. आज मास्तरांच्या शिव्या तुझ्या नावाने खातो!"

दूर देशी काही माणसांनी बॉम्ब टाकायचं ठरवलं होतं. त्यांच्या कागदावर शहराचं नाव होतं. माझ्यावरचं नव्हतं, नोबुतोचंही नव्हतं. बॉम्ब पडला तेव्हा नोबुतो पालथा पडला, म्हणून त्याच्या छातीखाली मी उरले.

तीन दिवसांनी एका सैनिकाने अस्थींची पुडी आणि मला तेइजीच्या दारी आणलं. "तेइजीच्या अस्थी," तो म्हणाला. दार तेइजीनेच उघडलं होतं. तेरा वर्षांचं पोर. त्याने पुडी आणि मला घेतलं आणि दार लावून घेतलं. पुडी त्याने आपल्या घराण्याच्या कबरीत गुपचूप ठेवली.

नोबुतोची आई हात्सुनो नदीकाठी एकेक प्रेत उलटून पाहत राहिली. हिवाळ्यात, ती शहर सोडून गेल्यावर, तिचं पत्र आलं : "त्या सकाळी तो तुझ्याकडे आला होता का रे, बाळा?"

तेइजी ग्रंथपाल झाला, म्हातारा झाला. दर ऑगस्टला उत्तर लिहायचा आणि फाडायचा. मी त्या पत्राबरोबर खणात पडून असे. यंदा मात्र त्याची बायको मित्सुए हिने फाडलेले तुकडे उचलून टेबलावर आपटले.

"अहो, आता कुठला शब्द अडलाय? त्र्याण्णव वर्षांच्या बाई त्या. तुमची भाषा तपासणार आहेत का? मुलगा मागतायत!"

"मला तोंड नाही, मित्सुए."

"हात आहे ना? मग लिहा."

त्याने लिहिलं : "नोबुतो आमच्या कबरीत आहे. माझ्या शर्टामुळे तो तुम्हाला सापडला नाही. रविवारी त्याला घेऊन येतो. दार उघडलं नाहीत, तरी दाराशी बसेन." मग त्याने मला पत्राच्या घडीत ठेवलं.

मित्रांनो, कुणी शहरावर बोट ठेवून निर्णय घेऊ लागला, तर तिथल्या एकेका मुलाचं नाव त्याला मोठ्याने वाचायला लावा. घाबरलात तरी वाचायला लावा.

टपालपेटीपाशी तेइजी मागे फिरला नाही. पाकीट आत पडलं.